घरी जाताना द्यायचा कागद: गुडघा बदललेल्या रुग्णांसाठीच्या प्रकल्पाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळी संपली, भाऊबीजेला आलेल्या लेकी परत गेल्या आणि ओपीडी पुन्हा भरली. "दिवाळी होऊ द्या, मग बघू" म्हणत पुढे ढकललेली गुडघ्याची ऑपरेशनं आता ओळीनं लागतील. दरवर्षी थंडी संपेपर्यंत हे असंच चालतं. म्हणून घरी करायच्या व्यायामांचा हा कागद आम्ही फिजिओथेरपिस्टनी आत्ताच करायला घ्यायचा.

निमित्त आज सकाळचं. निफाड तालुक्यातल्या एक आजी आल्या, वय अडुसष्ट. उजवा गुडघा २५ सप्टेंबरला दुसरीकडे बदललेला. सातवा आठवडा चालू, तरी व्हीलचेअरवरून आणलं होतं. गोनिओमीटर (सांध्याचे अंश मोजायची पट्टी) लावला. वाकणं ६५ अंश, आणि सरळ करताना शेवटचे २० अंश बाकी. म्हणजे पाय चोवीस तास अर्धवट दुमडलेलाच. उभं केलं तर उजवी टाच टेकेना, कंबर पुढे वाकली आणि सगळा भार डाव्या पायावर. तो डावा गुडघाही झिजलेलाच आहे.

एक्स-रे आमच्या सरांना, म्हणजे हाडांच्या डॉक्टरांना, दाखवला. सांधा उत्तम बसलाय, टाक्यांची जागा स्वच्छ भरलीय. शस्त्रक्रियेत काही उणं नाही. सून घाबरून म्हणाली, "मी रोज त्यांच्या गुडघ्याखाली मऊ उशी देत होते हो. त्यांना बरं वाटायचं." पाच आठवडे, दिवसरात्र. गुडघ्याखाली उशी घेतली की सुजलेल्या सांध्याला लगेच आराम वाटतो, कारण किंचित वाकलेल्या अवस्थेत आत जागा जास्त असते आणि ताण कमी होतो. पण त्याच अवस्थेत मागच्या बाजूचे पडदे आणि स्नायू आखडत जातात. त्या मुलीनं मायेनं केलं ते सगळं. "उशी देऊ नका" हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

सांगितलं नव्हतं असंही म्हणता येत नाही. फाईलमध्ये कागद होता. दोन पानं, इंग्रजी, चौदा व्यायाम, चित्रात हाफ पँट घातलेला तरुण पुरुष. त्या कागदाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

आमच्याकडून जाणाऱ्या रुग्णांना आपण याहून वेगळं काय देतो, हे दुपारी कपाट उघडून पाहिलं. आपला कागद मराठीत आहे, एवढाच फरक. व्यायाम तेरा.

ठरलं: एकच कागद, पाठपोट. मराठी. डिस्चार्जच्या दिवशी हातात द्यायचा आणि घरच्या माणसाकडून एकदा करून घ्यायचा. मी आणि दोन इंटर्न मुली. सरांनी होकार दिलाय. आजींना आठवड्यातून तीनदा बोलावलंय, आणि मधल्या काळात मी एकदा घरी जाऊन येणार.

१४ नोव्हेंबर

तेरा व्यायामांमधला एकही चुकीचा नाही. अडचण अशी की तेरा सांगितले की माणूस एकही धड करत नाही. आज कात्री लावायला बसलो.

घोटा वर-खाली करणं राहिलं. पोटरीचा स्नायू पंपासारखा रक्त वर ढकलतो आणि गुठळी होण्याचा धोका कमी करतो. शुद्धीवर आल्या आल्या पडल्या पडल्या करता येतो. मांडी आवळून गुडघा गादीत दाबणं राहिलं. टाच टॉवेलच्या गुंडाळीवर ठेवून गुडघ्याखालची जागा मोकळी सोडणं राहिलं, आणि याला मी सगळ्यांत वर घातलं. टाच सरकवत गुडघा वाकवणं, खुर्चीतून उठबस, आणि चालणं. पाय सरळ ठेवून उचलण्याचा व्यायाम मी काढला होता; सरांनी परत घालायला लावला. तो जमला की वॉकर सोडायची वेळ जवळ आली हे घरच्यांनाही कळतं, असं त्यांचं म्हणणं. पटलं.

क्रमाबद्दल मात्र मी हटून बसले. वॉर्डात राउंडला कुणीही आलं की पहिला प्रश्न, "किती वाकला?" नातेवाईक तेच विचारतात, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण तेच विचारतो. "सरळ किती होतो?" असं आजवर एकाही नातेवाइकाच्या तोंडून ऐकलं नाही. सपाट जमिनीवर चालायला ६५ ते ७० अंश वाकणं पुरतं. जिन्याला ८५ च्या आसपास लागतं, खुर्चीतून उठायला नव्वदच्या पुढे. पण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही, तर उभं राहतानासुद्धा मांडीच्या स्नायूला क्षणभर उसंत नाही. कुणीही गुडघे किंचित वाकवून पाच मिनिटं ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटून बघावं. आजी सात आठवडे तसं जगताहेत.

वेळा घड्याळाच्या लिहिल्या नाहीत. सकाळचा चहा, आंघोळीनंतर, जेवणाआधी, दिवेलागण, झोपताना. पाच वेळा, दर वेळी दहा मिनिटं.

१९ नोव्हेंबर

निफाडला आजींच्या घरी. पिंपळस फाट्यावर मुलगा मोटारसायकल घेऊन थांबला होता.

आलं ते बरं झालं, नाहीतर हा कागद मी वॉर्डातल्या टाइल्सवर बसूनच लिहिला असता. घराला तीन पायऱ्या, दगडी, उंची सारखी नाही, कठडा नाही. उंबरा वीतभर उंच. संडास अंगणाच्या टोकाला, देशी. त्यावर ठेवायची प्लास्टिकची कमोड खुर्ची आणलेली आहे, पण तिचे पाय ओल्या फरशीवर सरकतात म्हणून आजी रात्री जायचं टाळतात आणि त्यासाठी संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत. आणि झोपायला बाज. सुतळीची, मधे झोळ पडलेली. उशी आम्ही काढून टाकली, पण त्या झोळात गुडघा आपोआप वाकतोच! उशीचंच काम बाज करत होती.

पलंग आहे घरात, मुलगा-सुनेचा. आजींनी तो घ्यायला साफ नकार दिला. शेवटी मुलानं खळ्यातली प्लायवुडची फळी आणून बाजेवर टाकली, वर गादी. आजी आडव्या झाल्या, मी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी दिली, आणि गुडघ्याखालून माझा अख्खा हात आरपार गेला. आजींना म्हटलं, रोज सुनेनं असा हात घालून बघायचा. आज अख्खा हात जातो. मग फक्त तळहात जाईल. मग नुसती बोटं. बोटंही जाईनाशी झाली की जिंकलं.

"आणि वाकण्याचं कसं मोजायचं गं पोरी? तुझं ते पट्टीचं यंत्र काय आमच्याकडं नाय," आजींनी विचारलं. मी विचार करत होते तोवर त्यांनीच सुनेला रांगोळीचा डबा आणायला सांगितला. खुर्चीत बसल्या, पाय जमिनीवरून मागे सरकवला, जिथं अंगठा थांबला तिथं सुनेनं रांगोळीची रेघ ओढली. उद्याची रेघ हिच्या मागे पडली पाहिजे.

मी बारा वर्षं हे काम करतेय. घरात मोजायला इतकी सोपी गोष्ट मला सुचली नव्हती. कागदात घालायची. खुर्ची रोज तीच आणि त्याच जागी हवी, एवढं मात्र लिहिलं पाहिजे.

दिवसा घरात कुणी नसतं, हेही आज कळलं. छाटणी होऊन गेली, आता द्राक्षबागेत डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, फवारण्या. सून सकाळी आठला जाते ती पाचला येते. म्हणजे मधल्या वेळचे व्यायाम आजींना एकटीनंच करायचे आहेत. कागदावरचा कुठला व्यायाम दुसऱ्याच्या मदतीशिवाय होत नाही, ते पुन्हा तपासायचं.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. ओपीडी बंद, पण सातपूरच्या काकांचा सकाळीच फोन: ऑपरेशन होऊन बारा दिवस, मतदानाला जाऊ का? केंद्राला पायऱ्या किती, असं विचारलं. चार, आणि बाजूला उतार आहे म्हणाले. उतारावरून वॉकर घेऊन जा म्हटलं, आणि पायऱ्या घ्याव्याच लागल्या तर चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दुपारी शाई लावलेल्या बोटाचा फोटो आला. हे वाक्य आहे तसं कागदात.

२८ नोव्हेंबर

आज एक चूक सापडली. ती माझीच होती, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

पहिल्या मसुद्याच्या झेरॉक्स पाच जणांना दिल्या होत्या. त्यात वाकवण्याच्या व्यायामाखाली मी लिहिलं होतं, "दुखेपर्यंत वाकवा." नाशिकरोडच्या मावशी पहिली कळ आली की थांबायच्या. दोन आठवड्यांत ५० अंशांच्या पुढे सरकल्या नाहीत, आणि त्यांना वाटत होतं की आपण अगदी सांगितल्याप्रमाणे करतोय. सिन्नरच्या निवृत्त गुरुजींनी त्याच वाक्याचा उलट अर्थ घेतला: दुखलं नाही तर व्यायाम झालाच नाही. दोन्ही हातांनी नडगी धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर दाबत होते. गुडघा गरम, भोपळ्यासारखा सुजलेला, रात्री झोप नाही. दोघांनीही माझं वाक्य तंतोतंत पाळलं होतं.

दोघांची माफी मागितली. गुरुजी म्हणाले, "ताई, प्रश्नपत्रिकेत प्रश्न संदिग्ध असला की आम्ही सगळ्यांना गुण देत होतो." मला त्यांच्या सुजेकडे बघून वाईट वाटत राहिलं.

नवं वाक्य दोन तास घोळवून असं झालं: "वाकवताना रग लागेल तिथे थांबा, पाच आकडे मोजा, सोडा. व्यायामानंतरचं दुखणं तासाभरात उतरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली, तर त्या दिवशी निम्मं करा, पण बंद करू नका." मावशींना वाचायला दिलं. "रग" शब्दावर त्या लगेच म्हणाल्या, "हां, म्हणजे दळताना दंडाला लागते तशी." बरोबर, तशीच.

आणखी एक ओळ वाढवली. डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनेची गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. बरेच जण "गोळ्या कमी घेतलेल्या बऱ्या" म्हणून ती टाळतात, मग दुखतं म्हणून व्यायाम टाळतात, आणि सहाव्या आठवड्यात आखडलेला गुडघा घेऊन येतात. पहिल्या काही आठवड्यांत ती गोळी हे व्यायामाचंच साधन आहे. रुग्णाच्या मनातली भीती खरी असते, तिला हसण्यावारी नेऊ नये. किती दिवस घ्यायची हे डॉक्टर ठरवून देणार आहेत, हे शांतपणे सांगावं.

३ डिसेंबर

आजी: वाकणं ८२, सरळ होण्यात १२ बाकी. बाजेवरची फळी कामाला आली.

आज त्या एक वाक्य बोलल्या, "पाय माझा, पण ऐकतो दुसऱ्याचंच." मांडी आवळा म्हटलं की त्या तोंड आवळतात, मूठ आवळतात, मांडी मात्र ढिम्म. इंटर्नला वाटलं आजींना सूचना कळत नाहीत. तसं नाही. सांध्यात पाणी साचलं की मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा हुकूम मज्जासंस्था खालच्या पातळीवरच अडवते. १९८० च्या दशकात निरोगी माणसांच्या गुडघ्यात खारं पाणी सोडून हे मोजलं गेलं: वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू मंदावायला २०-३० मिलिलिटर पुरे झालं. चहाचे चार ते सहा चमचे. दुखत नसतानाही. गुडघा बदलल्यावर पहिल्या महिन्यात त्या मांडीची ताकद निम्म्याहून जास्त घटते, आणि त्यात स्नायू झिजण्यापेक्षाही मोठा वाटा या अडवलेल्या हुकमाचा असतो. म्हणून सूज उतरवणं हाही ताकदीचाच उपचार आहे.

मुलींना दाखवलं: आजींचा हात त्यांच्याच मांडीवर, वाटीच्या चार बोटं वर ठेवायचा. आधी धड पायावर, आकसणारा स्नायू बोटांना कळू द्यायचा. मग दुखऱ्या. सातव्या-आठव्या वेळी बोटांखाली काहीतरी हललं. आजींनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलं गं," इतकंच म्हणाल्या. त्यानंतर दहा वेळा सलग आलं.

बर्फाचा वाद मिटत नाही. निफाडला पारा खाली गेलाय, माणसं शेकोटीला बसताहेत, आणि मी सांगते गुडघ्यावर बर्फ ठेवा. घराघरांत उलट शेक चाललेला असतो, विटेचा, गरम पाण्याच्या पिशवीचा. पहिल्या आठवड्यांत सूज आणि ऊब असलेल्या गुडघ्याला शेक दिला की सूज आणखी वाढते. तोड अशी काढली: बाकी सगळं अंग घोंगडीत, पायात मोजे, फक्त गुडघा उघडा, त्यावर सुती पंचा, वर बर्फाची पिशवी, पंधरा ते वीस मिनिटं. आजी तयार झाल्या. पुष्कळ जण अजून होत नाहीत.

९ डिसेंबर

चित्रं. इंटर्ननी मोबाइलवर फोटो काढून त्यावरून रेघांची चित्रं काढायचं ठरवलं. एकीनं स्वतःच्या आईला बसवलं, साडीत. काष्टा घातलेली बाई असती तर गुडघा आपोआप दिसला असता, पण पाचवारीत पाय सरकवला की निऱ्या टाचेत अडकतात. हे चित्र काढतानाच कळलं. वॉर्डात सगळ्या जणी गाऊनमध्ये असतात, त्यामुळे तिथं ही अडचण कधी दिसलीच नव्हती. कागदात ओळ आली: साडी पोटरीपर्यंत खोचून घ्या किंवा गाऊन घाला.

टाच सरकवायला खडबडीत चादरीवर जड जातं. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी, भाजीची चालेल.

उशीचं चित्र सगळ्यांत मोठं: गुडघ्याखाली उशी, त्यावर लाल फुली. शेजारी टाचेखाली गुंडाळी, बरोबरची खूण. या कागदावरची बाकी सगळी चित्रं पुसली गेली तरी हे एक उरलं पाहिजे.

१८ डिसेंबर

बारावा आठवडा पुरा. आजींचा निर्णय आज व्हायचा होता. गुडघा आखडून बसला तर भूल देऊन तो वाकवून मोकळा करतात. ते साधारण पहिल्या तीन महिन्यांतच नीट होतं, त्यानंतर जखम भरताना आत बनलेली जाळी घट्ट होत जाते. सरांनी दोन आठवड्यांपूर्वी सांगून ठेवलं होतं, नव्वद झालं नाही तर भूल द्यावी लागेल.

मोजलं. ९४. सरांनी स्वतः पुन्हा मोजलं, ९३ म्हणाले. सरळ होण्यात ८ बाकी. भूल नको, आहे तसंच चालू ठेवा.

सून बाहेर बाकावर बसून होती, तिला सांगायला गेले तर ती रडायलाच लागली. नोव्हेंबरपासून तिच्या मनात होतं की हे तिच्या उशीमुळे झालं आणि आता परत ऑपरेशन तिच्यामुळेच होणार. भूल देऊन वाकवायची गोष्ट तिनं "परत ऑपरेशन" अशीच ऐकली होती. इतके दिवस आम्ही आजींचे अंश मोजत होतो आणि या मुलीशी पाच मिनिटं बोललो नव्हतो. आज बोलले.

कागदाच्या मागच्या पानावर वर एक चौकट घालतेय: "घरच्या माणसासाठी." काय करावं आणि काय झालं तर त्यात तुमची चूक नाही, दोन्ही.

२७ डिसेंबर

फोनचं वेळापत्रक: घरी गेल्यावर तिसरा दिवस, दहावा दिवस, तिसरा आठवडा, सहावा आठवडा. इंटर्न करतात, अडलं तर मी. "व्यायाम करता का?" असं विचारायचं नाही, कारण उत्तर नेहमी "हो" येतं. विचारायचं ते असं: आज हात किती जातो? रेघ कालच्या मागे गेली का? रात्री पाय कशावर असतो?

आजच्या एका फोननं धस्स झालं. दिंडोरी तालुक्यातलं घर, ऑपरेशनला अकरा दिवस. गावातल्या मालिशवाल्याला बोलावलंय, तो उद्या गरम तेलानं पोटरी रगडणार. पोटरी दुखते आणि टणक लागते म्हणूनच बोलावला होता. इंटर्ननं फोन माझ्याकडे दिला. एकाच पायाची पोटरी सुजून, दुखून टणक झाली तर आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि रगडल्यानं ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. त्याच संध्याकाळी गाडी करून आणायला लावलं, सोनोग्राफी झाली. गुठळी नव्हती, नुसती सूज होती. तरी हेच सांगणं बरोबर होतं आणि पुढेही हेच सांगायचं.

मागच्या पानावर ठळक: पोटरी अचानक दुखणं-सुजणं, धाप लागणं, छातीत दुखणं, ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू. यात वाट बघायची नाही, फिजिओला फोन करत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

६ जानेवारी २०२५

खुब्याच्या रुग्णांनाही हाच कागद द्यावा, असं वॉर्डातून सुचवलं गेलं. नाही. खुब्याचा सांधा बसवला असेल तर डॉक्टर अनेकदा पायावर पाय टाकू नका, बुटक्या बैठकीवर बसू नका, कमरेत ९० अंशांपलीकडे वाकू नका असं सांगतात, सांधा निखळू नये म्हणून. गुडघ्यासाठी जे हवं तेच तिथं घातक ठरू शकतं. त्याचा कागद वेगळा आणि नंतर.

त्यापेक्षा दुसरी मागणी मला महत्त्वाची वाटते. हा कागद ऑपरेशनच्या आधी द्यायचा. भर्तीच्या दिवशी माणूस भुलेच्या धुंदीत नसतो, दुखण्यात नसतो, ऐकून घेतो. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांबद्दल ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधला २०१८ चा अभ्यास आहे: फिजिओथेरपिस्टनं आधी फक्त एकदा, अर्धा तास बसून श्वासाचे व्यायाम शिकवले, तर नंतरच्या फुप्फुसाच्या तक्रारी जवळपास निम्म्या झाल्या. गुडघा वेगळा, पण एकदा आधी बसून समजावण्याचं मोल तेच. बाजेवर फळी, संडासातली कमोड खुर्ची, पायरीला कठडा, हे सगळं माणूस घरी पोचायच्या आधी व्हायला हवं.

पैशाबद्दलही आज सरांशी बोलले. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमती बांधून दिल्या, त्यामुळे कितीतरी घरांना ऑपरेशन परवडू लागलं. पण खर्चाचा अंदाज सांगताना इम्प्लांट, भूल, खोली, औषधं एवढंच सांगितलं जातं. नंतरच्या सहा-आठ आठवड्यांच्या फिजिओचा आकडा त्यात नसतो, म्हणून घरच्यांना तो जास्तीचा खर्च वाटतो आणि पहिली काट त्यालाच लागते. आमच्याकडे यापुढे अंदाजपत्रकात ती ओळ असेल. सरांनी लगेच मान्य केलं.

२५ जानेवारी

षट्तिला एकादशी, त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा. सातपूरच्या काकांच्या दारावरूनच दिंड्या जातात. अकरा आठवडे झालेत, वाकणं ११५, सरळ पूर्ण. आमचा सगळ्यांत चांगला गुडघा. महिनाभर एकच हट्ट, दिंडीबरोबर चालत जायचं. त्यांच्या दारापासून त्र्यंबक वीसेक किलोमीटर. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या माणसाला ते झेपणार नाही, हे सांगताना माझा जीव खाली-वर होत होता, कारण सत्तेचाळीस वर्षांत त्यांची वारी फक्त गेल्या तीन वर्षांतच चुकली होती, गुडघ्यांमुळेच.

तडजोड अशी ठरली: दारातून दिंडीबरोबर एक किलोमीटर. पुढे एसटी. त्र्यंबकला स्टँडपासून समाधी मंदिरापर्यंत पायी, काठी घेऊन, वाटेत दोनदा टेकून. कीर्तनाला खुर्चीवर. मांडी घालून खाली बसायचं नाही, हे त्यांनी दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं, जणू मी परवानगी बदलेन. रात्री फोन आला. "ताई, पखवाज सुरू झाला तसा पाय ठेका धरायला लागला. दुखरा."

१४ फेब्रुवारी

छपाई झाली. पाचशे प्रती, जाड कागद, कारण पातळ कागद चहाच्या कपाखाली जातो. भिंतीला लावायला वर भोक पाडून दोरा. अक्षर मोठं.

पुढची कामं: अहिराणी बोलणाऱ्या रुग्णांसाठी सटाणा, मालेगावकडच्या दोन घरांत हा कागद वाचून घ्यायचा, कुठे अडतात ते बघायचं. खुब्याचा कागद मार्चमध्ये. वाचता न येणाऱ्यांसाठी हेच आवाजात रेकॉर्ड करून मोबाइलवर. आवाज सातपूरच्या काकांचा घ्यावा असं मुली म्हणतात.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. राज्यभरातले फिजिओचे विद्यार्थी तिथली पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांच्यातल्या इंटर्ननी हा कागद आपापल्या गावच्या बोलीत करावा, अशी माझी फार इच्छा आहे. आमच्या दोन इंटर्नपैकी एक यवतमाळची आहे, ती मेमध्ये घरी जाताना वीस प्रती नेणार आहे.

आजी आज आल्या, वॉकर नाही, काठी. वाकणं १०५, सरळ होण्यात ५ बाकी. हे ५ कदाचित राहतीलही. मी त्यांना तसं सांगितलं. बागेत काढणी सुरू झालीय. त्या उंच स्टुलावर बसून, छोट्या कात्रीनं घडातले खराब मणी काढतात, दोन तास, मग उठून एक चक्कर. सुनेनं पिशवीतून द्राक्षं काढून टेबलावर ठेवली.

"आणि रेघ?" मी विचारलं.

"खुर्चीच्या मागच्या पायापाशी गेली," सून म्हणाली. "आता पुसतच नाही, तशीच ठेवलीय. सणाला बाकीची रांगोळी तिच्या बाजूनं काढते."

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर. आजींनी जाताना कागदाची एक प्रत आत्ताच मागून घेतली.